न ऐकण्यासाठी वाजवलेले संगीत

एखाद्या मोठ्या कंपनीचा वार्षिक समारंभ डोळ्यांसमोर आणावा. हॉटेलच्या सभागृहात पाहुणे जमू लागले आहेत, हस्तांदोलने चालली आहेत, हातांत सरबताचे पेले आहेत, आणि या साऱ्यामागे कोठून तरी एक संथ सुरावट झिरपत आहे. ती मुद्दाम कोणीच ऐकत नाही. घरी परतल्यावर 'तेथे काय वाजत होते?' असे कोणी विचारले, तर बहुतेकांना उत्तर देता येणार नाही. तरीही ती सुरावट आपोआप आलेली नसते. कोणीतरी ती निवडलेली असते, कोणीतरी तिचे पैसे मोजलेले असतात आणि कोणीतरी कधी काळी ती मन लावून रचलेली असते.

आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ तरुण-तरुणी आज हॉटेलांत, बँकांत आणि समारंभांचे आयोजन करणाऱ्या व्यवसायांत नोकरी करतात. कार्यक्रमाची यादी करताना 'पार्श्वसंगीत' ही बाब त्यांना नेहमीच लिहावी लागते. ती सहसा शेवटच्या ओळीत असते आणि तिचा निर्णय पाच मिनिटांत उरकला जातो. परंतु या शेवटच्या ओळीमागे जवळजवळ तीन शतकांचा इतिहास आहे. त्यात राजेरजवाडे आहेत, न्यायाधीश आहेत, एक सेनापती आहे, युद्धकाळातील कारखाने आहेत आणि आपल्या गोव्याचे वादकही आहेत. हा इतिहास ठाऊक असला, तर ती ओळ भरताना थोडा अधिक विचार होईल, या हेतूने हा लेखनप्रपंच.

यजमानाचे भोजन, चाकरांचे वादन

जेवणाच्या वेळी वाद्ये वाजवण्याची चाल फार प्राचीन आहे. परंतु तिला ग्रंथरूप आणि प्रतिष्ठा लाभली ती अठराव्या शतकातील युरोपात. १७३३ साली हांबुर्ग येथे गेऑर्ग फिलिप टेलेमान यांनी 'म्युझिक द ताब्ल', म्हणजे भोजनसंगीत, या नावाचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी आगाऊ वर्गणीदार मिळवले होते. त्यांची संख्या दोनशेहून अधिक होती आणि त्यांत लंडनला स्थायिक झालेले हँडेल यांचेही नाव होते. संग्रहाचे तीन भाग आहेत. प्रत्येक भागाचा आरंभ भारदस्त वाद्यवृंदाने होतो, मधल्या रचनांत वाद्यांची संख्या कमीअधिक होत जाते आणि शेवटी पुन्हा सारे वादक एकत्र येऊन समारोप करतात. पाहुणे येऊन बसणे, पदार्थ येत जाणे, गप्पा रंगणे आणि उठण्याची वेळ होणे, हा मेजवानीचा क्रमच जणू या रचनेत उतरला आहे. समारंभाच्या टप्प्यांनुसार संगीत निवडावे, हा आज नवा म्हणून सांगितला जाणारा नियम त्या संगीतकाराला चांगला अवगत होता.

त्या काळी संगीत हवे असेल तर माणसे बोलवावी लागत, आणि दरबारी वादकांची गणना चाकरांत होत असे. १७६१ साली जोसेफ हायडन एस्टरहाझी घराण्याच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा त्यांच्या करारपत्रात त्यांनी गणवेश घालूनच हजर राहावे असे कलम होते. सम्राट दुसरे जोसेफ यांनी १७८२ साली व्हिएन्नात आठ सुषिरवाद्यांचा ताफा नेमला. मग इतर उमरावांनीही तसेच ताफे ठेवले. गाजलेल्या ऑपेरांतील चाली या आठ वाद्यांवर बसवून त्या जेवणाच्या वेळी वाजवीत.

या प्रथेचे सर्वांत मार्मिक चित्र मोझार्ट यांनी रेखाटले आहे. १७८७ साली प्रागमध्ये प्रथम झालेल्या 'डॉन जोव्हानी' या ऑपेराच्या अखेरीस नायक एकटाच मेजवानी झोडत आहे आणि रंगमंचावर एक ताफा त्या काळच्या लोकप्रिय चाली वाजवीत आहे. त्यांत मोझार्ट यांनी स्वतःच्याच 'फिगारो'मधील एक चालही मिश्किलपणे घातली आहे. मालक खाण्यात दंग आहे. चाली एकेक करून ओळखतो तो त्याला वाढणारा नोकर. पार्श्वसंगीत खरोखर कोण ऐकते, याचे उत्तर त्या दृश्यात आहे. पाहुणे तासाभराने निघून जातात. पाणी देणारा, ताटे उचलणारा आणि दाराशी उभा असलेला माणूस ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो.

साखरपाण्याचे पैसे

राजवाड्यातील हे संगीत एकोणिसाव्या शतकात उपाहारगृहांत आले आणि त्याबरोबर एक नवा प्रश्न उभा राहिला. गाणे वाजते, गिऱ्हाईक येते, मालकाचा गल्ला भरतो. मग ज्याने गाणे रचले त्याला काय मिळते?

१८४७ साली पॅरिसच्या 'आंबासादर' या कॅफेत एर्नेस्ट बुर्जे हे गीतकार आपल्या संगीतकार मित्रांसह बसले होते. तेथे त्यांच्याच रचना गायल्या जात होत्या. साखरपाण्याचे बिल आले, तेव्हा त्यांनी ते देण्याचे नाकारले. तुम्ही आमच्या गाण्यांचे पैसे देत नाही, मग आम्ही तुमच्या पेयाचे का द्यावे, असा त्यांचा सरळ सवाल होता. प्रकरण न्यायालयात गेले आणि निकाल बुर्जे यांच्या बाजूने लागला. त्यातूनच १८५१ साली फ्रान्समध्ये गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक यांची 'सासेम' ही संस्था स्थापन झाली. ती आजही कार्यरत आहे.

अमेरिकेत हाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यूयॉर्कच्या 'शॅनलीज' या उपाहारगृहात व्हिक्टर हर्बर्ट यांचे गाणे परवानगीवाचून गायले गेले. मालकाचे म्हणणे असे, की गाण्यासाठी आम्ही वेगळे तिकीट लावत नाही, लोक जेवायला येतात. १९१७ साली न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी हे म्हणणे फेटाळले. गिऱ्हाईक केवळ अन्नाचे पैसे देत नाही, सुखद वातावरणाचेही देते. संगीत फायद्याचे नसते तर मालकाने ते ठेवलेच नसते, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. पार्श्वसंगीताला मोल आहे हे कायद्याने मान्य केले ते असे.

आपल्याकडेही हीच तत्त्वे लागू आहेत. ध्वनिमुद्रणांच्या हक्कांसाठी १९४१ मध्ये, तर गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठी १९६९ मध्ये संस्था स्थापन झाल्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीने खऱ्याखुऱ्या धार्मिक विधींसाठी आणि सरकारी समारंभांसाठी सवलत देण्यात आली. विवाहाची वरात व विवाहाशी निगडित सामाजिक सोहळे यांचा समावेश त्या धार्मिक विधींत केलेला आहे. कंपनीच्या वार्षिक समारंभाला मात्र ही सवलत नाही. घरच्या लग्नात वाजवलेली तबकडी कचेरीच्या कार्यक्रमात वाजवताना परवाना घ्यावा लागतो, हे आपल्या तरुण आयोजकांनी ध्यानात ठेवावे.

फर्निचरासारखे संगीत

८ मार्च १९२० रोजी पॅरिसच्या बार्बाझांज कलादालनात एक विलक्षण प्रयोग झाला. नाटकाच्या मध्यंतरात एरिक साती आणि त्यांचे तरुण स्नेही दारिउस मियो यांनी 'फर्निचर-संगीत' सादर केले. खोलीत खुर्ची असते, भिंतीला रंग असतो. आपण त्यांच्याकडे टक लावून पाहत नाही, तरी त्यांच्यामुळे खोली राहण्याजोगी होते. संगीतही तसेच असावे, अशी साती यांची कल्पना. वादक दालनात निरनिराळ्या ठिकाणी बसवले होते आणि त्याच त्या छोट्या चाली पुनःपुन्हा वाजत होत्या.

प्रयोग फसला, आणि फसण्याचे कारण मोठे गमतीदार होते. संगीत सुरू होताच लोक बोलायचे थांबले, आपापल्या जागी परतले आणि आदराने ऐकू लागले! बोला, फिरा, ऐकू नका, असे साती त्यांना विनवीत राहिले. पण कोणी ऐकेना. समोर जिवंत माणूस वाद्य घेऊन बसला असताना त्याच्याकडे दुर्लक्ष करणे सुसंस्कृत माणसाला जड जाते, एवढे त्या संध्याकाळी सिद्ध झाले. लोकांनी संगीताकडे लक्ष देऊ नये असे खरोखर हवे असेल, तर वादक दृष्टीआड करावा लागतो. तंत्रज्ञानाने पुढे नेमके तेच केले.

सेनापतीची तार

वादक दृष्टीआड करण्याचा पहिला मोठा यत्न थॅडियस केहिल या अमेरिकन संशोधकाचा. विजेवर सूर निर्माण करणारे सुमारे दोनशे टन वजनाचे त्यांचे यंत्र १९०६ मध्ये न्यूयॉर्कला बसवण्यात आले आणि तारांमधून ते संगीत उपाहारगृहांना पुरवले जाऊ लागले. पण ते दूरध्वनीवरील संभाषणांत घुसू लागले आणि काही वर्षांतच तो उद्योग बंद पडला.

यशस्वी ठरले ते मेजर जनरल जॉर्ज ओवेन स्क्वायर. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकन सैन्याच्या संदेशवहन दलाचे प्रमुख होते. एकाच तारेतून अनेक संदेश एकाच वेळी पाठवण्याची युक्ती त्यांनी शोधली होती. तिच्याच आधाराने तारेवाटे संगीत पुरवणारी कंपनी निघाली. १९३४ साली 'म्युझिक' आणि 'कोडॅक' या शब्दांची सांगड घालून तिचे 'म्युझॅक' असे नामकरण झाले. त्याच वर्षी स्क्वायर निवर्तले. घराघरांत रेडिओ असल्याने घरी हे संगीत विकत घेण्यास फारसे कोणी तयार होईना; म्हणून कंपनी हॉटेले, उपाहारगृहे आणि पुढे कचेऱ्या व कारखाने यांच्याकडे वळली.

दरम्यान इंग्लंडमध्ये या विषयाला शास्त्राची जोड मिळाली होती. १९३७ साली वायट आणि लँग्डन या संशोधकांनी कंटाळवाण्या कामांचा अभ्यास केला. तेच ते काम करणाऱ्यांना दिवसातून काही काळ संगीत ऐकवले, तर त्यांचा कंटाळा कमी होतो व उत्पादन वाढते, असा त्यांचा निष्कर्ष होता. तोवर दुसरे महायुद्ध सुरू झाले. दारूगोळ्याच्या कारखान्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने दाखल झाल्या. २३ जून १९४० रोजी बीबीसीने 'म्युझिक व्हाइल यू वर्क' हा कार्यक्रम सुरू केला. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा, प्रत्येकी अर्धा तास. तो १९६७ पर्यंत चालला.

या कार्यक्रमासाठी संगीत निवडण्याचे काम विनफर्ड रेनल्ड्स यांच्याकडे होते. त्यांचे निकष आजच्या आयोजकानेही अभ्यासावेत असे आहेत. लय स्थिर हवी, मध्येच रेंगाळणारी नको. चाल स्पष्ट हवी, कारण यंत्रांच्या खडखडाटात बारकावे ऐकू येत नाहीत. आवाज एकसारखा हवा. एकदम हळू किंवा एकदम मोठा झाला तर तो कारखान्यात निरुपयोगी. 'डीप इन द हार्ट ऑफ टेक्सास' हे लोकप्रिय गाणे त्यांनी वर्ज्य केले, कारण त्यात टाळ्यांच्या जागा आहेत आणि त्या आल्या की कामगार हातातील हत्यारे ठोकून ताल धरीत! गाणे चांगले की वाईट, हा प्रश्नच नव्हता. ते त्या जागी आणि त्या वेळी शोभते की नाही, एवढेच पाहिले जाई.

म्युझॅकने हा विचार पुढे टोकाला नेला. प्रत्येक रचनेला तिची लय, वेग आणि वाद्यमेळ पाहून उत्तेजकतेचा क्रमांक दिला जाई. पंधरा मिनिटे चढत्या क्रमाने संगीत आणि त्यानंतर पंधरा मिनिटे शांतता, अशी योजना असे. मरगळ येण्याच्या वेळा, म्हणजे दुपारच्या जेवणाआधीची आणि दुपार कलल्यानंतरची, हेरून तेव्हा अधिक चेतवणारे संगीत योजले जाई. ऐकणाऱ्याला याचा पत्ता नसे. संगीताची निवड तो करीत नव्हता. त्याच्यासाठी, आणि पुष्कळदा त्याच्या मालकासाठी, ती केली जात होती.

संगीताचा असा उपयोग करण्यात काही कंपन्या उघडपणेही पुढे होत्या. आयबीएम या कंपनीत अध्यक्ष टॉमस वॉटसन यांच्या काळी कर्मचारी संमेलनांत कंपनीची गौरवगीते एका सुरात गात. त्यांतील 'एव्हर ऑनवर्ड' हे १९३१ चे. युद्धोत्तर अमेरिकेत तर विक्रेत्यांच्या संमेलनांसाठी खास संगीतिका लिहवून घेतल्या जात. पुढे १९६४ साली 'फिडलर ऑन द रूफ' देणाऱ्या बॉक आणि हार्निक या जोडीने १९५९ मध्ये फोर्ड कंपनीच्या ट्रॅक्टरविक्रीसाठी एक संगीतिका रचली होती. ही गाणी निदान समोरासमोर होती. आपल्याला काय सांगितले जात आहे, हे श्रोत्याला कळत होते.

ज्याला उठून जाता येत नाही

या वाटेवर विरोधही उभा राहिला. वॉशिंग्टन शहरात ट्राम व बसगाड्यांतून ध्वनिक्षेपकांवर संगीत, त्यात मधूनमधून जाहिराती, असा उपक्रम सुरू झाला, तेव्हा दोन प्रवाशांनी त्याविरुद्ध दाद मागितली. प्रवाशाला गाडी सोडून जाता येत नाही आणि कान मिटता येत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. १९५२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने प्रवाशांच्या विरुद्ध निर्णय दिला. न्यायमूर्ती डग्लस यांनी मात्र वेगळे मत नोंदवले. माणसाला त्याच्या पाड राहू देणे हाच स्वातंत्र्याचा आरंभ आहे, असा त्याचा गाभा होता. न्यायमूर्ती फ्रँकफर्टर तर या खटल्यातून बाजूला झाले. आपणही त्या गाड्यांच्या संगीताने त्रासलेले प्रवासी आहोत, तेव्हा आपल्याकडून निष्पक्ष न्याय होईल अशी खात्री देता येत नाही, असे त्यांनी प्रांजळपणे सांगितले.

१९६९ साली युनेस्कोशी संलग्न असलेल्या आंतरराष्ट्रीय संगीत परिषदेनेही सार्वजनिक ठिकाणी लादल्या जाणाऱ्या संगीताचा निषेध केला आणि शांततेचा हक्क मांडला. संगीतकारांच्या संस्थेने शांतता मागावी, यात विसंगती काहीच नाही. ज्याला सुराची किंमत ठाऊक आहे, त्यालाच नीरवतेचीही असते.

पुढील संशोधनाने हा प्रश्न अधिकच गंभीर केला. रोनाल्ड मिलिमन यांनी १९८२ साली दाखवून दिले, की मोठ्या किराणा दुकानात संथ लयीचे संगीत असले तर गिऱ्हाईक हळू चालते आणि अधिक खरेदी करते. १९८६ साली उपाहारगृहाबाबतही त्यांना असाच अनुभव आला. संथ संगीतात लोक अधिक वेळ बसतात आणि पेयांवर अधिक खर्च करतात. १९९७ साली इंग्लंडमधील एका दुकानात फ्रेंच संगीत वाजवले त्या दिवशी फ्रेंच वारुणी अधिक खपली, जर्मन संगीत वाजवले त्या दिवशी जर्मन. विचारले असता, संगीताचा आपल्यावर परिणाम झाला असे बहुतेक गिऱ्हाइकांना वाटलेच नव्हते. पार्श्वसंगीताची खरी शक्ती तेथेच आहे, आणि ते निवडणाऱ्याची जबाबदारीही तेथेच सुरू होते.

म्युझॅक कंपनीचे पुढे काय झाले? २००९ साली तिने दिवाळखोरीचा अर्ज केला, २०११ साली ती दुसऱ्या कंपनीने विकत घेतली आणि २०१३ साली ते नावही पुसले गेले. रीत मात्र राहिली. आज पाच तासांची सुरावट कोणालाही खिशातील दूरध्वनीवरून लावता येते.

गोव्याचा वादक, मुंबईचे हॉटेल

आपल्या समाजाचा या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत मेस्त मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. हेतू गायनमंडळ चालवण्याचा असे. पण त्या विद्येने शेकडो कुटुंबांना मुंबईत भाकरी मिळाली. १९०३ साली उघडलेल्या ताजमहाल हॉटेलात १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा ताफा आला आणि त्यांच्या जॅझचे धडे आपल्या वादकांनी भराभर आत्मसात केले. १९३९ पासून पुढे सुमारे दोन दशके मिकी कोरिया यांचा ताफा ताजमध्ये वाजवीत होता. हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ हे 'चिक चॉकलेट' या नावाने मुंबईत ट्रंपेटचे बादशहा ठरले. पुढे यांतील कित्येक वादक हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले आणि तेथेही बहुधा पडद्यामागेच राहिले. चित्रपटांच्या श्रेयनामावलीत त्यांची नावे क्वचितच आली.

जेवणाऱ्यांच्या गलक्यात मन लावून वाजवणे सोपे नसते. समोरचा ऐकत नाही हे ठाऊक असूनही सूर चोख लावणाऱ्या या माणसांनी एक शिस्त जपली. टेलेमानच्या काळातील गणवेशधारी वादक आणि आपले हे पूर्वज एकाच परंपरेतले म्हणावे लागतील.

निवडणाऱ्यासाठी थोडेसे

या इतिहासातून व्यवहारात काय घ्यावे? पहिली गोष्ट, आवाज. एत्येन लोंबार्ड या फ्रेंच वैद्याने १९११ साली नोंदवले, की भोवती आवाज असला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो. म्हणजे संगीत मोठे झाले की पाहुणे मोठ्याने बोलतात, त्यामुळे संगीत आणखी मोठे करावे लागते आणि अखेरीस वयस्क मंडळी बोलणेच सोडून देतात. शेजारी बसलेल्या दोघांना नेहमीच्या आवाजात बोलता येत नसेल, तर ते संगीत पार्श्वभूमीत राहिलेले नाही.

दुसरी गोष्ट, शब्द. जेथे माणसांनी एकमेकांशी बोलावे अशी अपेक्षा आहे, तेथे शब्दप्रधान गाणी आड येतात. वाद्यसंगीत बरे. जे गाणे कोणाच्या भक्तीचे किंवा शोकाचे आहे, ते सरबताबरोबर वाढू नये, मग त्याची चाल कितीही गोड असो.

तिसरी गोष्ट, तेथे काम करणारी माणसे. पाहुण्यांना दोन तास गोड वाटणारी वीस मिनिटांची सुरावट नोंदणीच्या टेबलावरील मुलीला दिवसभरात पंचवीस वेळा ऐकावी लागते. म्युझॅकसारख्या नफेखोर कंपनीनेही मध्ये पंधरा मिनिटांची शांतता ठेवली होती. आपण तेवढी तरी ठेवावी.

आणि वादक प्रत्यक्ष बोलावले असतील, तर त्यांना ठरलेले मानधन वेळेवर द्यावे, जेवणाच्या पंगतीत जागा द्यावी आणि शेवटी त्यांची नावे ध्वनिक्षेपकावरून सांगावीत. त्यात यजमानाचे काही खर्च होत नाही. संध्याकाळभर ज्यांच्या सुरांकडे कोणी लक्ष दिले नाही, त्यांना निदान एकदा सर्वांनी मिळून टाळी द्यावी.